एकाच टाकीत सागरतळ आणि सागरी प्रवाह दाखवायचे आहेत, दिव्याचा प्रयोग चालेल का?

कोथरूड_भूगोल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या सहा मुलांचा गट आहे. विषय ‘सागरतळ कसा घडतो आणि सागरजल कसं फिरतं’. धडे दोन, पण टेबल एकच मिळणार, म्हणून दोन्ही गोष्टी एका टाकीत बसवायचा विचार आहे.

योजना अशी: दोन फुटी काचेची टाकी, खाली मधोमध स्पिरिटचा दिवा, तळाशी पोटॅशियम परमँगनेटचे दोन-चार खडे. गरम पाणी मधून वर चढेल, दोन्हीकडे पसरेल, कडेला थंड होऊन खाली उतरेल. वर थर्मोकोलचे दोन तुकडे तरंगत ठेवले की भूपट्ट (पृथ्वीच्या बाहेरच्या थराचे सरकणारे तुकडे) दूर जाताना दिसतील, आणि तेच फिरणारं पाणी म्हणजे सागरी प्रवाह.

हे चालेल का? परीक्षक कुठे अडवतील? शिवाय मुलांनीच काढलेले दोन प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं मला नीट देता आली नाहीत. एक, अरबी समुद्रात तळ नव्याने तयार होतो म्हणता, मग त्याच्या काठाला गर्ता (जुना तळ जिथे पृथ्वीच्या पोटात बुडतो ती खोल घळ) कुठे आहे? दोन, वेताळ टेकडीचा काळा दगड बेसाल्ट आणि समुद्रतळही बेसाल्ट, म्हणजे पुणं एके काळी समुद्राच्या तळाशी होतं का?

तीन आठवडे हातात आहेत. टाकी शाळेत आहे, बाकी खर्च बेताचा हवा.

---

काळा_फत्तर

मॅडम/सर, आधी दिवा विझवा. या मांडणीत तळाचंही चुकतं आणि पाण्याचंही. पाण्याचं जाणकार सांगतीलच, मी तळापुरतं बोलतो.

टाकीतलं पाणी म्हणजे प्रावरण (कवचाखालचा पृथ्वीचा जाड थर) असं मुलं सांगणार, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात ‘जमिनीखाली लाव्हाचा समुद्र आहे’ हे पक्कं बसणार. प्रावरण घन आहे. वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने सरकणारा घन खडक. मध्य महासागरीय पर्वतरांगेखाली (ही रांग समुद्राखाली असते, नवा तळ इथेच तयार होतो) हा खडक वर येतो तेव्हा त्याचं तापमान फारसं बदलत नाही, दाब मात्र झपाट्याने उतरतो, आणि दाब उतरला की वितळणबिंदूही उतरतो. त्यामुळे खडकाचा साधारण 10 ते 15 टक्के भाग वितळतो. खालून कोणी जाळ लावत नाही. वितळण होतं ते दाब सुटल्यामुळे. दिव्याचा प्रयोग नेमकं हेच लपवतो.

वितळलेला भाग बेसाल्टचा मॅग्मा. तो वर येऊन तीन रूपांत गोठतो. समुद्राच्या पाण्यात बाहेर पडला तर उशांसारखे गोल लोट, म्हणजे उशी लाव्हा. त्याखाली भेगांमध्येच गोठलेल्या उभ्या भिंतींची चळत, म्हणजे डाइक. सगळ्यात खाली सावकाश गोठलेला, जाड स्फटिकांचा गॅब्रो. तिन्ही मिळून जाडी फक्त 6 ते 7 किलोमीटर. खंडांचं कवच सरासरी 35-40 किलोमीटर असतं, म्हणजे समुद्रतळ हा पृथ्वीचा पापुद्राच म्हणायचा.

दुसरं, थर्मोकोलचे तुकडे तुमच्या टाकीत मधून ढकलले जातात. प्रत्यक्षात भूपट्ट मुख्यतः ओढले जातात. जुना, थंड, जड झालेला पट्ट गर्तेत खाली बुडतो आणि मागचा भाग खेचून नेतो. मधे जी फट पडते ती भरायला मॅग्मा वर येतो. ज्या पट्टाला मोठ्या गर्ता लागलेल्या आहेत तो वेगाने धावतो: पूर्व प्रशांत रांगेवर दोन्ही बाजू मिळून वर्षाला 15 सेंटिमीटरपर्यंत, अटलांटिकमध्ये 2 ते 5. मॅग्माच ढकलत असता तर इतका फरक कडेच्या गर्तांशी का जुळला असता, हा प्रश्न मुलांनाच विचारा.

टाकीऐवजी हे करा. बुटांचं खोकं पालथं घालून मधोमध एक आणि दोन्ही टोकांना एकेक आडवी फट कापा. दोन लांब कागदी पट्ट्या मधल्या फटीतून एकत्र वर काढायच्या, विरुद्ध दिशांना न्यायच्या आणि टोकाच्या फटींतून आत सोडायच्या. ओढायचं टोकाकडून, मधून ढकलायचं नाही. पट्ट्यांवर चुंबकीय पट्टे रंगवा (लाव्हा गोठताना त्या वेळची कंपासची दिशा दगडात नोंदली जाते, आणि ती दिशा अधूनमधून उलटते), पण मनाने नको, खऱ्या आकड्यांनी.

कार्ल्सबर्ग रांग घ्या, ती आपल्याच अरबी समुद्रात आहे. तिचा तळ एका बाजूला वर्षाला साधारण 12 ते 15 मिलिमीटर सरकतो. हिशेबाला 12.5 धरा, म्हणजे 10 लाख वर्षांत 12.5 किलोमीटर. 1 सेंटिमीटरला 5 किलोमीटर हे प्रमाण घेतलं की 10 लाख वर्षं म्हणजे 25 मिलिमीटर. मग रंग असे पडतात: मधल्या फटीपासून 19.5 मिलिमीटरपर्यंत काळा (7 लाख 80 हजार वर्षांपूर्वीपासून आजपर्यंत, कंपास आजच्यासारखाच), तिथून 64.5 मिलिमीटरपर्यंत पांढरा (25.8 लाख वर्षांपर्यंत, उलटा), पुढे 90 मिलिमीटरपर्यंत पुन्हा काळा (36 लाख वर्षांपर्यंत). पांढऱ्या भागात दोन बारीक काळ्या रेघा येतात, एक 25 ते 27 मिलिमीटरवर आणि दुसरी 44.5 ते 49 वर. या रेघा टाळू नका. ज्याला विषय माहीत आहे तो आधी त्याच शोधतो. दोन्ही पट्ट्या आरशातल्यासारख्या जुळल्या पाहिजेत. मुलं हमखास एका पट्टीचं माप उलट्या टोकाकडून घेतात आणि सगळं बिनसतं.

नावाबद्दल थोडं. 1928 ते 1930 च्या ‘डाना’ या डॅनिश मोहिमेवरून ही रांग कळली, आणि मोहिमेला पैसा देणाऱ्या कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानचं नाव तिला मिळालं. हो, तीच बियरवाली. 1962 मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजावरून ड्रमंड मॅथ्यूज यांनी या रांगेवर चुंबकीय मोजणी केली आणि 1963 मध्ये फ्रेड वाइन यांच्यासोबत तो गाजलेला निबंध लिहिला. समुद्रतळ पसरतो हे जगाला पटवणारा पुरावा रत्नागिरीसमोरच्या समुद्रातून आला आणि आपण मात्र चित्र नेहमी अटलांटिकचं लावतो. मला हे अजिबात पटत नाही.

आता गर्ता. प्रश्न खरोखर चांगला आहे. रांगेच्या दोन्ही बाजूंना शेजारीच गर्ता हवी असा नियम नाही. भारताची बाजू ईशान्येला सरकते. त्या सरकण्याचा हिशेब हिमालयात, खंडाला खंड भिडून, चुकता होतो. पूर्वेला त्याच हालचालीचा भाग सुमात्रा-जावाच्या गर्तेत जिरतो. आफ्रिकेच्या बाजूला गर्ताच नाही. मग तिकडचा तळ जातो कुठे? कुठेच नाही. रांग स्वतःच आफ्रिकेपासून दूर सरकत जाते. रांग म्हणजे जमिनीत ठोकलेला खांब नव्हे. उत्तरेला मकरानच्या किनाऱ्याखाली मात्र अरबी पट्टाचा तळ खरोखर बुडतो आहे, पण तिथे गाळ इतका जाड आहे की खोल गर्ता दिसतच नाही. 1945 साली तिथल्याच भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती.

पृथ्वी फुगत का नाही, याचंही उत्तर यातच आहे: जगभर मिळून जेवढा तळ तयार होतो तेवढा बुडतो. म्हणून महासागरांचा तळ जवळजवळ सगळा 18 ते 20 कोटी वर्षांच्या आतला आहे, आणि खंडांवर मात्र 300 कोटी वर्षांहून जुने खडक सापडतात.

पुण्याचा दगड वेगळ्या पोस्टमध्ये घेतो.

---

खारवारा

वरचं सगळं मान्य. पाण्याची बाजू अशी.

समुद्र खालून तापत नाही. तो वरून तापतो. तळातून येणारी उष्णता सरासरी चौरस मीटरला 0.1 वॅटच्या आसपास, आणि पृष्ठभागावर ऊन पडतं ते शेकडो वॅटच्या हिशेबात. रांगेवर काही ठिकाणी 350 अंशांच्या वर गेलेलं पाणी झऱ्यांतून बाहेर पडतं हे खरं (अडीच हजार मीटर खोलीवर 250 वातावरणांचा दाब असल्याने ते उकळत नाही), पण ते स्थानिक प्रकरण. त्याने सागरी प्रवाह चालत नाहीत. वरून तापलेलं पाणी वरच राहतं, कारण ते हलकं. म्हणजे तुमच्या दिव्याच्या नेमकी उलट स्थिती.

मग पाणी हलवतं कोण? वरच्या काहीशे मीटरमध्ये वारा. त्याखाली घनतेतला फरक, म्हणजे तापमान आणि क्षार.

वाऱ्याचं उदाहरण सोमाली प्रवाहाचं घ्या. जगातला एवढा मोठा प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतो असं दुसरीकडे दिसत नाही. जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे असताना तो आफ्रिकेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे, सेकंदाला 2 मीटरहून जास्त वेगाने. हिवाळ्यात दक्षिणेकडे. आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळचा प्रवाहही बदलतो: पावसाळ्यात दक्षिणेकडे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडे. पावसाळ्यात केरळ किनाऱ्यालगत वरचं पाणी समुद्राकडे लोटलं जातं आणि खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. तारली मासा त्यावर पोसतो.

इथे मुलं एक चूक करतात. वाऱ्याने पाणी वाऱ्याच्या दिशेनेच जातं असं धरतात. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात वरच्या 50-100 मीटरच्या थरातलं पाणी एकूण मिळून वाऱ्याच्या उजवीकडे काटकोनात सरकतं. ध्रुवीय मोहिमेत नॉर्वेचे शोधक नान्सेन यांना हिमखंड वाऱ्याच्या 20 ते 40 अंश उजवीकडे वाहताना दिसले, आणि त्याचं गणित 1905 मध्ये स्वीडनचे समुद्रशास्त्रज्ञ एकमान यांनी मांडलं.

बेसिनमधलं पाणी भोवरा घेऊन जातं ते याचमुळे, असं कोणी सांगितलं तर हा आकडा द्या: पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे 18.5 अंशांवर, केवळ या परिणामाने पाण्याने एक पूर्ण फेरी घ्यायला सुमारे 38 तास लागतात. बेसिन मिनिटात रिकामं होतं.

आता खोल पाणी. अरबी समुद्रात 3,000 मीटरच्या खाली पाणी 2 अंशांच्या आसपास असतं. उन्हाने भाजणाऱ्या समुद्राखाली बर्फासारखं थंड पाणी आलं कुठून? अंटार्क्टिकाकडून. तिथे समुद्राचं पाणी गोठतं तेव्हा मीठ बाहेर टाकलं जातं, उरलेलं पाणी थंडही होतं आणि खारटही, ते तळाला जातं आणि शतकानुशतकं सरपटत इकडे येतं. हिंदी महासागर उत्तरेला आशियाने बंद केलेला आहे, इथे एवढं थंड पाणी तयार होण्याची सोयच नाही. लाल समुद्राचं पाणी खूप खारट (हजारी 40 च्या आसपास), पण कोमट आणि वाटेत मिसळत येणारं. ते 600 ते 800 मीटरवरच थांबतं. पर्शियन आखाताचं त्याहून वर, 200 ते 350 मीटरवर. नुसतं क्षारावर जाऊ नका, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पुस्तकी घोटाळा एक: ‘पाणी 4 अंशांना सर्वांत जड’ हा नियम गोड्या पाण्याचा. समुद्राचं पाणी गोठेपर्यंत, म्हणजे उणे 1.8 अंशांपर्यंत, जड होतच जातं.

प्रयोग: टाकी 60 बाय 30 सेंटिमीटर असेल तर पाणी 12 सेंटिमीटर उंच. मधोमध ॲक्रिलिकचा पडदा, कडांना पेट्रोलियम जेली. प्रत्येक बाजूला 10.8 लिटर पाणी येतं. एका बाजूला लिटरला 36 ग्रॅम मीठ (एकूण 390 ग्रॅम, अरबी समुद्र), दुसऱ्या बाजूला लिटरला 32 ग्रॅम (345 ग्रॅम, बंगालचा उपसागर, कारण त्यात गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी येतं). अरबी बाजूला निळा खाण्याचा रंग. पडदा सरळ वर काढा. निळं पाणी तळाने पुढे जाईल, बिनरंगी पाणी वरून परत येईल.

---

मोजपट्टी

एक शंका. सगळीकडे गोडं पाणी विरुद्ध 35 ग्रॅमचं पाणी असा प्रयोग देतात. 4 ग्रॅमचा फरक डोळ्याला दिसेल का?

---

खारवारा

दिसेल, आणि जास्त चांगला दिसेल. 4 ग्रॅम म्हणजे घनमीटरला सुमारे 3 किलोचा फरक. 12 सेंटिमीटर खोलीत निळ्या जिभेचा वेग सेकंदाला साधारण 3 सेंटिमीटर येतो, म्हणजे पडद्यापासून भिंतीपर्यंतचे 30 सेंटिमीटर जायला 10 सेकंद. गोडं विरुद्ध 35 घेतलं तर हेच अंतर साडेतीन सेकंदांत संपतं, पाणी भिंतीवर आपटतं, घुसळतं आणि बघणाऱ्याला नुसतं फिकट निळं पाणी दिसतं.

---

काळा_फत्तर

पुण्याचा दगड. नाही, पुणं समुद्रतळ नव्हतं. दगडाचा प्रकार तोच, पत्ता वेगळा.

दख्खनचा बेसाल्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी खंडाच्या वर ओतला गेला. आडवे थर एकावर एक. सह्याद्रीच्या डोंगरांना पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. समुद्रतळाखाली डाइक आणि मग गॅब्रो लागतो. इथे कोयना परिसरात खोल छिद्रं घेतली तेव्हा बेसाल्ट संपल्यावर खाली ग्रॅनाइट आणि नाइस (उष्णता-दाबाने रूप बदललेला पट्टेदार खडक) लागला, म्हणजे जुना खंड. वितळण मात्र इथेही दाब सुटूनच झालं, फक्त वर येणारं प्रावरण नेहमीपेक्षा गरम होतं. तो गरम स्रोत आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. भारत त्याच्यावरून उत्तरेला सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रेघ उमटली. नकाशावर पट्टी ठेवून दाखवण्यासारखी गोष्ट आहे.

खरा समुद्रतळ जमिनीवर बघायचा असेल तर लडाख, अंदमान किंवा ओमान. तिथे उशी लाव्हापासून गॅब्रोपर्यंतचा थर उचलला जाऊन वर आलेला आहे.

महाराष्ट्रासमोरच्या लक्ष्मी द्रोणीचा (द्रोणी म्हणजे समुद्रतळाचा खोलगट भाग) उल्लेख जरूर करा. तिच्यातल्या पाण्याखालच्या पर्वतांना रामन, पणिक्कर आणि वाडिया अशी नावं आहेत: चंद्रशेखर व्यंकट रामन, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक पणिक्कर आणि भूवैज्ञानिक दाराशा वाडिया. 2015 मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय मोहिमेने तळाला छिद्रं घेतली. तिथला तळ अस्सल सागरी की ताणून पातळ झालेला खंड, यावर तज्ज्ञ अजून भांडतात.

---

कोथरूड_भूगोल

खूप आभार. दिवा रद्द. काल टाकीची पहिली चाचणी घेतली, तीन ठिकाणी फसली.

निळं पाणी तळाला गेलंच नाही, मधेच रेंगाळलं. मीठ लवकर विरघळावं म्हणून त्या बाजूला गरम पाणी घेतलं होतं. दुसरं, पडदा काढण्याआधीच खालून निळी धार पलीकडे गेली. तिसरं, अंटार्क्टिका दाखवायला खाऱ्या पाण्यात रंगीत बर्फ टाकला, तर रंग वरच पसरला, एक थेंब खाली उतरला नाही. मुलं हसली.

---

टाकी_आणि_तोटी

तिन्ही चुका कामाच्या आहेत, फलकावर लिहा.

गरम पाणी: 20 आणि 30 अंशांच्या पाण्यात घनमीटरला अडीच-तीन किलोचा फरक पडतो. म्हणजे तुमच्या 4 ग्रॅम मिठाने जड केलेलं पाणी 10 अंशांनी पुन्हा हलकं केलंत. लाल समुद्राचं पाणी तळाला का जात नाही, त्याचंच हे छोटं रूप. दोन्ही बादल्या आदल्या संध्याकाळी मीठ घालून एकाच खोलीत ठेवा, सकाळी थर्मामीटरने बघा, अर्ध्या अंशाच्या आत फरक हवा. टेबल मीठ गुठळी न होण्यासाठी काहीतरी मिसळून येतं, त्याने पाणी धुरकट होतं. जाडं मीठ घेऊन फडक्यातून गाळा.

धार: एक बाजू आधी भरली की पडदा वाकतो आणि खालून फट पडते. दोन मगांनी दोन्हीकडे एकदम भरा, पातळी कधीही अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त वेगळी नको. तळाच्या फटीत जेलीऐवजी मुलांची खेळायची रंगीत माती दाबा, जेली काचेवर घसरते. भरल्यावर दोन मिनिटं पाणी शांत होऊ द्या, जास्त नको.

बर्फ: साध्या पाण्याचा बर्फ वितळला की गोडं पाणी होतं, आणि ते कितीही थंड असलं तरी खाऱ्यावर तरंगतं. बर्फ झिपच्या पिशवीत बंद करून टाकीच्या एका कोपऱ्यात बुडवा आणि पिशवीला लागून दोन थेंब रंग सोडा, तेही टाकीतल्याच खाऱ्या पाण्यात कालवलेला. गोड्या पाण्यातला रंग पुन्हा वरच राहील.

आता माझं म्हणणं. दोन धडे एका टेबलावर आणायचेत ना? तर तळ आणि पाणी जिथे खरोखर एकमेकांना भेटतात ती जागा दाखवा: तळाचा आकार पाण्याची वाट ठरवतो. कार्ल्सबर्ग रांग अरबी द्रोणीच्या आडवी पडलेली आहे, त्यामुळे दक्षिणेकडून येणारं तळाचं थंड पाणी सरळ आत शिरू शकत नाही. ओवेन भंग क्षेत्रासारख्या, रांगेला छेदणाऱ्या भेगांतून वाट काढून येतं.

यासाठी फिरती टाकी लागते. केक सजवायचं फिरतं टेबल, त्यावर 28 सेंटिमीटर व्यासाचं सपाट बुडाचं पारदर्शक गोल भांडं, 10 सेंटिमीटर पाणी (साधारण 6 लिटर). कडेला रबर चाक टेकवून गियरची 12 व्होल्ट डीसी मोटर आणि तिला वेग कमी-जास्त करायचा कंट्रोलर. दोन्ही तपकीर गल्लीत मिळतात. टेबल मिनिटाला 10 फेरे फिरलं पाहिजे, घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे उत्तर गोलार्ध. चाक टेबलाहून लहान असल्याने मोटरचा वेग त्या पटीत जास्त घ्यावा लागतो, हे विसरू नका. मोबाइल टेबलावरच काठी उभारून वर बांधा. बाहेरून बघितलं तर नुसतं फिरताना दिसतं, आतलं काही कळत नाही.

तळाशी मधापासून 8-10 सेंटिमीटरवर 3 सेंटिमीटर व्यासाची, दीड सेंटिमीटर उंच चकती चिकटवा. बाटलीचं झाकण चालेल, पण आत हवा राहू देऊ नका. टेबल सुरू करून किमान दहा मिनिटं हात लावायचा नाही. पाणी भांड्याच्या वेगाने एकसंध फिरू लागलं पाहिजे. सगळ्यांचा प्रयोग फसतो तो याच घाईमुळे. मग वेग किंचित कमी करा, 10 वरून 9.7. पाणी तळाच्या तुलनेत सावकाश पुढे सरकू लागेल. झाकणाच्या मागे पृष्ठभागावर रंगाचा एक थेंब सोडा. झाकण साडेआठ सेंटिमीटर खाली आहे, तरी वरचा रंग त्याला वळसा घालून जातो, जणू झाकणाचा खांब थेट वरपर्यंत उभा आहे. हा प्रयोग ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी 1923 मध्ये केला होता. वेग 9 पर्यंत एकदम उतरवलात तर खांब मोडतो आणि रंग झाकणावरूनच जातो. तेही करून दाखवा, फिरणं आणि सावकाशपणा दोन्ही लागतात हे कळतं.

---

वसईकर_पुण्यात

भरती-ओहोटीचं कोणी बोललं नाही. परीक्षक नक्की विचारतील ‘हाही प्रवाहच ना?’ भरतीचं पाणी येतं तसं जातं, वर्षभराची बेरीज जवळपास शून्य. मुंबईत उधाणाला साडेचार-पाच मीटरचा फरक, गोव्यात दोनच्या आसपास, खंबातच्या आखातात दहाच्या वर. कारण पुन्हा तळच: मुंबईसमोर भूखंडमंच (किनाऱ्यालगतचा उथळ तळ) सुमारे 300 किलोमीटर रुंद आणि आखात नरसाळ्यासारखं.

वेळेसाठी कोकणातला हिशेब मुलांना द्या, तिथीची पाऊणपट. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. रोज 45 मिनिटं पुढे. खरं सरासरी अंतर 50 मिनिटांचं, इतकं जवळ येतं.

---

मोजपट्टी

टेबलाच्या मागे उभा फलक लागणारच, तर रत्नागिरी ते मोगादिशू असा तळाचा छेद काढा. अंतर सुमारे 3,500 किलोमीटर. आडवं प्रमाण 1 सेंटिमीटरला 25 किलोमीटर घेतलं तर फलक 140 सेंटिमीटर, आणि कार्ल्सबर्ग रांग साधारण मधोमध येते. उभं प्रमाण 1 सेंटिमीटरला 500 मीटर. खोलीचे आकडे गेब्कोच्या (जगभरच्या समुद्रतळाचा खोली-नकाशा) मोफत माहितीतून घ्या. मनाने काढलेली रांग नेहमी हिमालयासारखी टोकदार होते.

खोली तपासायला एक सूत्र आहे: रांगेचा माथा सरासरी 2,500 मीटरवर, आणि पुढे 350 गुणिले वयाचं वर्गमूळ (वय दशलक्ष वर्षांत) एवढी वाढ. 40 लाख वर्षं वयाचा तळ 3,200 मीटरवर, 1 कोटी 60 लाखांचा 3,900 वर. तळ थंड होऊन आकसतो म्हणून खचतो. सुमारे 7 कोटी वर्षांपर्यंत हे सूत्र बरं चालतं. पण भारताच्या बाजूला सिंधू नदीचा गाळ किलोमीटरांनी साचला आहे, तिथे तळ सूत्रापेक्षा उथळ येईल. मुलांनी आकडे जुळवायला ओढाताण करू नये.

आणि फलकाच्या कोपऱ्यात ठळक लिहा: उभं प्रमाण आडव्याच्या 50 पट. खऱ्या प्रमाणात ही दीड-दोन किलोमीटरची रांग या फलकावर मिलिमीटरभरही उंच दिसली नसती.

---

कोथरूड_भूगोल

आज दोन्ही बादल्या 26 अंशांवर होत्या. निळी जीभ 11 सेकंदांत भिंतीला लागली. फिरत्या टेबलाची मोटर उद्या आणतोय. चकतीला झाकण वापरलं तर आतली हवा काढायची कशी?

---

टाकी_आणि_तोटी

झाकणात मेण ओतून भरून टाका आणि सपाट बाजू खाली ठेवून सिलिकॉनने चिकटवा. सिलिकॉन रात्रभर वाळू द्या, नाहीतर मेण हलकं असल्याने झाकण सुटून वर येईल.